गेरूचा लाल कोणाला दिसतो?

मधपेटीला रंग देतात तो फक्त बाहेरून. आतलं लाकूड कोरंच ठेवायचं असतं. बाहेरच्या रंगाचं कामही मुळात साधं आहे. आमच्या गोळपसारख्या गावात जूनपासून पाऊस आडवा येतो, उरलेलं वर्ष खाऱ्या वाऱ्यात खिळेमोळे गंजत राहतात. तिथे बिनरंगाची फळी फार पावसाळे काढत नाही. म्हणजे रंग लाकडासाठी. तरीही दिरांनी फणसाच्या फळ्यांच्या चार नव्या पेट्या सुताराकडून करून आणल्या, आगरात पोफळींच्या कडेने त्यांची जागा ठरवली आणि मला म्हणाले, "वहिनी, रंग तुम्ही ठरवा," तेव्हा त्या एवढ्याशा कामाने मला चांगलंच धरून ठेवलं. मी जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं. रंग वस्तूचा की बघणाऱ्याचा, हा वाद विद्यार्थ्यांपुढे कितीदा मांडला असेल. पण तो वाद हातात ब्रश असताना माझ्यापुढे कधी आला नव्हता.

दिरांच्या मनात गेरू होता. आमच्या तुळशीवृंदावनाला गेरू, ओटीच्या पायऱ्यांना गेरू, गडग्याच्या जांभ्या चिऱ्याचा रंगही त्याच जातीचा. पेट्या त्याच रंगाच्या केल्या की घरच्याच वाटतील, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेजारच्या काकू मात्र गडग्यापलीकडून म्हणाल्या, "लाल नको गो बाई, माश्या चवताळतात." रामआळीतल्या दुकानातून आणलेलं रंगांचं कार्ड ओटीवर उघडं पडलं होतं. त्यात नुसत्या पांढऱ्याच्याच इतक्या छटा होत्या की एकीतून दुसरी वेगळी काढताना मला चष्मा पुसून घ्यावा लागला.

माशीला काय दिसतं, हे आता पुष्कळसं कळलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमधल्या हेस नावाच्या नामांकित नेत्रतज्ज्ञाने मधमाशी पूर्ण रंगांध असल्याचं ठासून सांगितलं होतं. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला ते पटेना. फुलांचा एवढा रंगीत पसारा ज्यांच्यासाठी, त्यांनाच तो दिसत नसेल हे त्याच्या मनाला मान्य होईना. पुरावा हातात येण्याआधीचा हा विश्वास होता आणि मला तो श्रद्धेच्या फार जवळचा वाटतो. त्याने करड्या रंगाच्या फिक्या-गडद चौकोनांमध्ये एक निळा चौकोन ठेवला आणि त्यावर साखरपाण्याची बशी ठेवून माश्यांना सवय लावली. मग साखरपाणी काढून घेतलं, चौकोनांच्या जागा बदलल्या, तरी माश्या निळ्यावरच उतरल्या. नुसता उजेड-अंधार दिसत असता तर कुठल्यातरी करड्यावर त्या फसल्या असत्या. लाल चौकोनाच्या बाबतीत मात्र त्या खरोखरच फसल्या. लाल आणि काळा त्यांना वेगळे करता येईनात. हे काम १९१४ साली प्रसिद्ध झालं. पुढे आल्फ्रेड क्यून याने १९२४ मध्ये दाखवलं की आपल्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा अतिनील प्रकाश माशीला दिसतो, आणि तोही स्वतंत्र रंग म्हणून. फ्रिशला १९७३ मध्ये नोबेल मिळालं. हे सगळं युरोपातल्या माशीवर झालं असलं तरी आपल्या सातेरी मधमाशीचे डोळेही त्याच घडणीचे आहेत.

तेव्हा काकूंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण कारण वेगळं आहे. गेरूची पेटी माशीला लाल दिसणारच नाही, ती काळपट दिसेल. पोळ्यावर चालून येणारा काळा, केसाळ प्राणी हा माशीचा जुना शत्रू. म्हणून पेटी उघडताना गडद कपडे घालू नयेत असं सांगतात. आमच्या दारची तांबडी जास्वंद गणपतीला रोज जाते. त्या झाडावर शिंजीर सकाळपासून लटकत असतो, सातेरी क्वचितच फिरकते. पाखराला लाल दिसतो, माशीला नाही.

पांढऱ्याची गोष्ट मला त्याहून थक्क करणारी वाटली. पूर्वी दारं-खिडक्यांना शिशाचा सफेदा लावत, नंतर जस्ताचा पांढरा आला, आता डब्यातला पांढरा बहुतेक टायटॅनियमचा असतो. तिन्ही आपल्या लेखी पांढरेच. पण शिशाचा सफेदा अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात परत पाठवतो, तर जस्ताचा आणि टायटॅनियमचा ते गिळून टाकतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पेट्या, एक सफेद्याची आणि एक जस्ताच्या पांढऱ्याची, तुम्हा-आम्हाला जुळ्या वाटतील; माशीला त्यांतली एक पांढरी दिसेल आणि दुसरी चक्क रंगीत, आपल्या भाषेत जिला निळसर हिरवी म्हणावं लागेल तशी. शिसं विषारी, तो सफेदा आता कोणी वापरूही नये. पण कार्डावरच्या छटा बारकाईने निरखून मी जी निवड करत होते, ती माशीच्या जगात भलतीच निवड ठरत होती.

तर मग खरा रंग कोणता?

अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'चं उत्तर स्वच्छ आहे. रूप हा द्रव्याचा गुण आहे आणि तो केवळ डोळ्याने कळतो. पांढरा, निळा, पिवळा, लाल, हिरवा, तपकिरी आणि चित्रविचित्र अशी त्याची सात रूपं. न्यायवैशेषिकांची ही भूमिका मला नेहमीच आवडत आली आहे, कारण ती जगावर विश्वास ठेवते: घट लाल आहे म्हणजे आहे, तुम्ही बघा किंवा बघू नका. पण मधपेटीपाशी ही व्याख्या दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे डोळा कोणाचा, हे ती सांगत नाही. दुसरी अडचण जास्त रसाची आहे. पेटीच्या आत मिट्ट काळोख असतो. तिथे पिल्लांच्या भागाचं तापमान माश्या चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास राखतात. एप्रिल-मे महिन्यात झाकण गडद रंगाचं असेल आणि वर सावली नसेल, तर ऊन आत उतरतं. मग कामकरी माश्या दारात ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, मध गोळा करायचा सोडून पाणी वाहतात. म्हणजे आतल्या माशीला झाकणाचा रंग कळतोच, पण तो डोळ्याने नाही, अंगाने कळतो. केवळ डोळ्याने कळणारा म्हणून ज्याची व्याख्या केली, तो गुण अंधारात उष्णता होऊन पोचतो. अन्नंभट्ट म्हणतील की बाई, ते रूप नव्हे, तो स्पर्श. शास्त्रात हे विभाजन बसतं. पण पाणी वाहून थकलेल्या माशीच्या लेखी ती एकाच झाकणाची गोष्ट असते.

या टप्प्यावर बरेच जण म्हणतात, तर मग सगळी मायाच म्हणायची. ज्याला जसं दिसतं तसं त्याचं जग. हे बोलणं मला मुळीच मान्य नाही. ज्या शंकराचार्यांच्या नावावर ते खपवलं जातं, त्यांनीच ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादावर भाष्य करताना बाह्य वस्तू नाहीतच म्हणणाऱ्या विज्ञानवाद्यांचा कडक समाचार घेतला आहे. खांब दिसतो, भिंत दिसते, ती आपल्या जाणिवेहून वेगळी दिसते. अनुभवाला येणारी वस्तू नाही कशी म्हणता, असा त्यांचा सवाल आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या कैवल्यपादात तर या प्रश्नाची दोन सूत्रं लागोपाठ येतात. पहिल्याचा आशय असा की वस्तू एकच असली तरी चित्तं वेगळी, म्हणून दोघांच्या वाटा वेगळ्या. दुसरं विचारतं की वस्तू जर एकाच चित्तावर अवलंबून असेल, तर त्या चित्ताने पाहिलं नाही तेव्हा तिचं काय होतं? वर्गात मी ही सूत्रं विज्ञानवादाचं खंडन म्हणून शिकवायची. पेट्यांनी मला त्यांचा अर्थ अधिक जवळून दाखवला. सफेद्याच्या फळीवरून परतणारा तो अतिनील उजेड माझ्या चित्ताच्या गावीही नव्हता. मी पाहिला नाही म्हणून तो नव्हता असं झालं नाही. तो होता, दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडत होता. गेरूचा लालही तसाच: माशीच्या जगात तो नाही, म्हणून आमच्या वृंदावनावरून पुसला जात नाही. वस्तू एक आहे, आणि ती माझ्या पाहण्याहून मोठी आहे. जग खोटं असल्यामुळे ते प्रत्येकाला वेगळं दिसत नाही. ते कोणा एकाच्या डोळ्यांत मावत नाही म्हणून वेगळं दिसतं.

छांदोग्य उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात मधुविद्या आहे. सूर्य हा देवांचा मध, अंतरिक्ष हे त्याचं पोळं. पूर्वेच्या किरणांतून त्या मधाचं लाल रूप येतं, दक्षिणेकडून पांढरं, पश्चिमेकडून काळं, उत्तरेकडून काळ्याहूनही काळं. आणि शेवटी सूर्याच्या मधोमध जे थरथरल्यासारखं वाटतं, ते. यात ऋषींना अतिनील किरण ठाऊक होते वगैरे मी काढणार नाही. तसं काढणाऱ्यांनी उपनिषदांचं भलं केलेलं नाही. मला त्यात दिसतं ते असं, की रंग मोजता मोजता ऋषी अशा जागी येतो जिथे रंगाचं नाव संपतं, आणि तरीही तो मोजणं थांबवत नाही. आपल्याला दिसतं त्याच्यापलीकडेही त्याच सूर्याचं काही आहे, हे तो गृहीत धरून चालतो.

पूजेच्या संदर्भात मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण देवाला पिवळं पीतांबर नेसवतो, गणपतीला तांबडं फूल वाहतो, देवीला हिरवी साडी. देव ते कोणत्या डोळ्यांनी बघतो, हे आपल्याला माहीत नाही. मग हे सगळं आपल्याच हौसेचं का? काही अंशी आहेच, आणि हौस वाईट नव्हे. पण सेवा म्हणजे स्वतःची आवड दुसऱ्याच्या अंगावर चढवणं नव्हे. माशीच्या बाबतीत निदान शोध घेता येतो, विचारता येतं, चौकोन मांडून उत्तर मिळवता येतं. जिथे ते शक्य आहे तिथे न विचारता आपल्या आवडीचं देणं हा मला आळस वाटतो, माशीच्या बाबतीत आणि घरातल्या माणसांच्या बाबतीतही. जिथे शक्य नाही, तिथे द्यायचं आणि पोचलं कसं याचा आग्रह सोडायचा.

स्लोव्हेनियात अठराव्या शतकापासून शेतकरी मधपेट्यांच्या समोरच्या फळ्यांवर चित्रं काढत आले. १७५८ सालच्या एका फळीवर मेरी आहे; पुढच्या काळात आगीपासून राखणारा संत फ्लोरियन आला, दुःख सोसणारा ईयोब आला, मग विनोदी प्रसंगही आले. त्या देशाच्या अंतॉन यान्शाला मारिया थेरेसाने १७७० मध्ये व्हिएन्नात मधमाशीपालनाचा पहिला शिक्षक नेमलं; त्याच्या आठवणीसाठी २० मे हा जागतिक मधमाशी दिन झाला आहे. चित्रामुळे माशीला आपलं घर ओळखू येतं, असं ते शेतकरी मानत. माशीच्या एका डोळ्यात सुमारे पाच हजार भिंगं असतात आणि तरी तिची नजर आपल्या मानाने फार ढोबळ असते. मेरीचा चेहरा तिला दिसत नाही. गडद झग्याचा मोठा ठिपका, फिकी पार्श्वभूमी, शेजारच्या फळीहून वेगळी मांडणी, एवढं दिसतं. पण घर ओळखायला तेवढं पुरतं. रांगेत सारख्या दिसणाऱ्या पेट्या मांडल्या की परतणाऱ्या माश्या चुकून शेजारच्या पेटीत शिरतात, कडेच्या पेट्या गजबजतात, रोगही पसरतो. दाराशी वेगळा रंग, वेगळी खूण असली की हे कमी होतं. शेतकऱ्याने चित्र काढलं भक्तीने आणि माशीला मिळाली खूण. दोघांना एकच गोष्ट दिसली नाही, तरी दोघांचं काम झालं.

हे मी दिरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "म्हणजे गेरू अगदीच बाद नाही तर." नाहीच. आम्ही ठरवलं ते असं: चारही झाकणं पांढरी, उन्हासाठी. एक पेटी फिक्या निळ्या रंगाची, एक फिकी पिवळी, कारण हे दोन रंग माशीला चांगले वेगळे कळतात. उरलेल्या दोन पांढऱ्या, पण त्या शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत, आणि दोघींची दारं वेगळ्या दिशांना. एकीच्या दारावर गेरूचा आडवा पट्टा, दुसरीवर गेरूनेच 'श्री', ही दिरांची इच्छा. रंगाचा वास पुरता उडाला की मोहोर फुटायच्या आत, तिन्हीसांजेला वसाहती नव्या पेट्यांत हलवायच्या.

'श्री' त्यांनी सुबक काढला होता, बोटभर, दाराच्या वर मधोमध. मी त्यांना तो पुसून फळीभर मोठा काढायला लावला. बोटभर अक्षर माशीला अगदी दारात येईपर्यंत कळणार नाही. फळीभर असेल तर चार हातांवरून गडद खूण म्हणून दिसेल. "अक्षर बिघडेल हो," ते म्हणाले. वेलांटी थोडी बिघडलीही. तशीच ठेवली.