बॅरन नव्हे, नागरिक

सायकलच्या इतिहासात कार्ल फॉन ड्राइस पहिल्याच पानावर भेटतो आणि तिथेच मागे राहतो. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइममधून तो लाकडी दुचाकीवर निघाला, पायांनी जमीन मागे रेटत श्वेत्सिंगनच्या रस्त्यावरच्या टपालचौकीपर्यंत गेला आणि तासाभराच्या आत परतला. पेडल नव्हते, साखळी नव्हती. पण पुढचे चाक हाताने वळवता येत होते, आणि दुचाकीचा तोल सावरतो तो त्या वळवण्यानेच. शोधाचे सगळे मर्म तिथे आहे.

मला मात्र या माणसाचे घराणे अधिक विचार करायला लावते. तो जन्माने बॅरन, बाडेनच्या दरबारातला मानकरी आणि वनखात्यातला अधिकारी. पुढे जंगलाचे काम सुटले, तरी पगार चालू राहिला. १८१८ मध्ये ग्रँड ड्यूकने यंत्रशास्त्राचा प्राध्यापक हा किताबही दिला. यंत्रांशी झटत बसायची ही मोकळीक एखाद्या साध्या वनरक्षकाच्या पोराला कोणी दिली असती? ड्राइसची बुद्धी स्वतःची होती. तिला लागणारी फुरसत कुळातून आली.

त्याच कुळाचे ओझेही त्याच्या वाट्याला आले. वडील बाडेनच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष होते. १८१९ मध्ये कार्ल झांड या विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबू याचा मानहाइममध्ये भोसकून खून केला आणि पुढच्या वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. उदारमतवादी तरुणांच्या लेखी झांड हुतात्मा होता. त्यांचा रोष न्यायाधीशावर, म्हणजे ड्राइसच्या वडिलांवर होता, आणि मुलालाही त्याची झळ बसली. १८२२ मध्ये ड्राइस ब्राझीलला गेला, जमीनमोजणीचे काम करत तिथे राहिला आणि १८२७ मध्ये परतला. बापाच्या निकालाचा जाब मुलाला विचारणे हा मला अन्यायच वाटतो. पण जिथे मान वारशाने मिळतो, तिथे लोक वैरही वारशानेच चालवतात.

पुढे दारूच्या नशेतल्या एका मारामारीनंतर दरबारी मान गेला. तोवर लोक त्याची टिंगल करू लागलेच होते. आणि १८४९ मध्ये, बाडेनमध्ये क्रांती पेटली असताना, चौसष्टाव्या वर्षी त्याने बॅरनपद जाहीरपणे सोडले. यापुढे आपण फक्त नागरिक कार्ल ड्राइस, असे त्याने कळवले. याला कोणी म्हाताऱ्याची लहर म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. वीस-पंचविशीत बंडखोरी करणाऱ्यापुढे सारे आयुष्य असते; ड्राइसच्या हाती उरले होते ते नाव आणि निवृत्तिवेतन. त्याने दोन्ही पणाला लावले.

प्रशियाच्या फौजांनी क्रांती चिरडली. राजनिष्ठांनी त्याला वेडा ठरवून डांबण्याचा प्रयत्न केला. क्रांतीच्या खर्चाच्या वसुलीपायी त्याचे निवृत्तिवेतन जप्त झाले. १० डिसेंबर १८५१ रोजी तो कार्ल्सरूहमध्ये गरिबीत वारला. सायकलीच्या जन्मकथेत १८१७ सालाइतकीच जागा १८४९ ला मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.