ध्रुवाचे पद आणि नचिकेत्याचा प्रश्न

अंतराळात जाण्याचे स्वप्न मुलांच्या मनात रुजवावे का, हा प्रश्न वरवर शिक्षणशास्त्राचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी नीतीचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तो अधिक टोकदार होतो, कारण तेथील अनेक कातकरी कुटुंबे भातकापणी उरकली की वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात असूनही तेथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा पाड्यावरच्या मुलाला अंतराळाचे स्वप्न दाखवणे ही त्याची फसवणूक तर नव्हे, अशी शंका घेणाऱ्याला निष्ठुर म्हणता येणार नाही. कारण पृथ्वीच्या कक्षेत जाऊन आलेले भारतीय नागरिक दोनच, १९८४ मध्ये राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला.

या शंकेचे उत्तर शोधताना परंपरेतील दोन बालकांचा आधार घेता येतो. सावत्र आईने वडिलांच्या मांडीवर बसू दिले नाही म्हणून ध्रुव तपाला बसला आणि त्याला आकाशात अढळपद, म्हणजे कधीही न ढळणारे स्थान, मिळाले. कठोपनिषदातील नचिकेता वडिलांच्या रागापायी यमाच्या दारी गेला आणि मृत्यूनंतर माणूस उरतो की नाही, हे त्याने विचारले. यमाने देऊ केलेले धन, गुरे आणि दीर्घायुष्य त्याने नाकारले, आणि असाच प्रश्नकर्ता आपल्याला लाभावा, असे खुद्द यमाने म्हटले. एकाने स्थान मागितले, दुसऱ्याने ज्ञान. भागवताच्या चौथ्या स्कंधात तर, आपण देवाकडे क्षुद्र गोष्ट मागितली, असा पश्चात्ताप ध्रुवालाही झाल्याचे वर्णन आहे. अंतराळाचे स्वप्न जोवर केवळ पदाचे असते, तोवर लाखो मुलांच्या वाट्याला निराशाच येणार. तेच स्वप्न प्रश्नाचे झाले, तर यान मिळो वा न मिळो, त्याचे फळ मुलाच्या पदरात पडलेलेच असते.

प्रश्नाचे फळ कसे असते, हे ध्रुवताऱ्यावरूनच दाखवता येईल. एखादे ठिकाण विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेस, म्हणजे जितक्या अक्षांशावर असते, जवळजवळ तितक्याच अंशांवर तेथून ध्रुवतारा दिसतो. मुरबाड सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हात सरळ लांबवून मिटलेली मूठ साधारण १० अंशांचा कोन व्यापते; त्यामुळे डोंगराआड न गेलेल्या उत्तर क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली, की दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेजवळ तो तारा सापडतो. या मोजणीला दुर्बीण लागत नाही, आणि आश्रमशाळेच्या अंगणात उभ्या असलेल्या मुलाने ती केली, की आपण एका गोल पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहोत, हे त्याने स्वतःच्या हाताने ताडून पाहिलेले असते.

पुढचा प्रश्न श्रद्धेला भिडतो. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत आकाशात एक फेरी पुरी करतो. या संथ डोलण्याला परांचन म्हणतात. त्यामुळे ध्रुवपद एकाच ताऱ्याकडे राहत नाही, आणि सुमारे १२,००० वर्षांनी अभिजित तारा त्या जागेजवळ येईल. मग अढळपदाची कथा खोटी ठरली का? कथेचा विषय निष्ठा हा आहे आणि परांचनाचा विषय पृथ्वीची गती हा, त्यामुळे एकाचे माप दुसऱ्याला लावण्याचे कारण नाही. मात्र हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पापाची भीती घालून गप्प बसवले, तर विज्ञानाइतकीच धर्माचीही हानी होते. सृष्टीचे मूळ तिच्या अध्यक्षाला तरी ठाऊक असेल का, अशी शंका घेणारे नासदीय सूक्त ऋग्वेदातच आहे. १९७६ मध्ये राज्यघटनेत आलेल्या कलम ५१ क ने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. त्या कर्तव्याला परंपरेत आधार नाही, असे म्हणता येत नाही.

तथापि प्रश्न विचारायला मूल शाळेत टिकावे लागते. वीटभट्टीवरील मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, आणि तेथील मुलांसाठी ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या, त्या याच जाणिवेतून. म्हणून शहापूर-मुरबाडच्या मुलांना अंतराळाचे स्वप्न जरूर द्यावे. पण ते देणाऱ्या पालकांनी, शिक्षकांनी आणि शासनाने त्यांची शाळा वर्षभर चालू राहील आणि त्यांचा कोणताही प्रश्न दडपला जाणार नाही, एवढी हमी आधी द्यावी. त्या हमीवाचून दिलेले स्वप्न ही फसवणूकच होय.