राज्य फिरतं राहावं

खेळ सुरू व्हायच्या आधी भिडू वाटून घ्यावे लागतात. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात. बाकीची मुलं साधारण एका ताकदीच्या जोड्या करून लांब जातात, कानात नावं ठरवतात आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परत येतात: कुणाला हवा वाघ, कुणाला हवा सिंह? एखादा भिडू उरलाच तर तो दोन्हीकडून खेळतो. अगदीच लहान असला तर कच्चा लिंबू. दोन्ही दांडगे एकाच बाजूला गेले तर डाव पाच मिनिटांत आटोपतो आणि संध्याकाळ तशीच पडून राहते, हे त्या मुलांना कुणी शिकवलेलं नसतं.

अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉलची लीग, एनबीए, गेली जवळजवळ ऐंशी वर्षं हेच वाटप करू पाहते आहे. तिथे वाघ-सिंहाच्या जागी शेकडो पानांचे करार आहेत आणि कप्तानांच्या जागी अब्जाधीश मालक. पण गल्लीतल्या पोरांना जे पाच मिनिटांत जमतं ते या मंडळींना अजून धड जमलेलं नाही. का जमलं नाही याचा माग काढत गेलो, की ‘संघ तुल्यबळ असावेत’ हे साधं वाटणारं वाक्य वेळोवेळी वेगवेगळ्या अर्थाने बोललं गेलं, हे लक्षात येतं.

सुरुवातीला त्याचा अर्थ होता मालकांची सोय. ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ही लीग वेगळ्या नावाने जन्मली. १९४९ मध्ये दुसरी एक लीग तिच्यात विलीन झाली आणि एनबीए हे नाव आलं. संस्थापक मुख्यतः मोठमोठ्या बंदिस्त स्टेडियमचे मालक. आइस हॉकीचे सामने नसतील त्या संध्याकाळी खुर्च्या भरायला त्यांना काहीतरी हवं होतं. पहिल्याच हंगामात त्यांनी प्रत्येक संघाच्या पगारावर ५५,००० डॉलरची मर्यादा घातली आणि लगेच काढूनही टाकली. १९४७ पासून ‘ड्राफ्ट’ आला: कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून निवड करताना तळाच्या संघाने आधी हात घालायचा. दुबळ्याला आधी वाढायचं, ही पंगतीतली माणुसकी वाटते. पण पुढे त्यातही पोटनियम आला. आसपासच्या कॉलेजातला लोकप्रिय खेळाडू संघाला रांग मोडून घेता येई, कारण गावचा पोरगा असला की तिकिटं खपतात. विल्ट चेंबरलेन कॉलेजात खेळला कॅन्ससमध्ये; तरी त्याचं बालपण फिलाडेल्फियातलं म्हणून १९५९ मध्ये तो फिलाडेल्फियाला मिळाला. तुल्यबळता आणि गल्ला यांत गल्ला जिंकला. हा पोटनियम १९६५ पर्यंत टिकला.

शिवाय ड्राफ्टच्या मागे एक अट होती. ज्याने निवडलं त्याच्याकडेच खेळायचं, करार संपला तरी दुसरीकडे जाता येणार नाही. मालकांचं म्हणणं असं, की खेळाडूंना मोकळं सोडलं तर सगळे गुणवंत श्रीमंत शहरांत जमतील आणि लीग बुडेल. हीच सबब बेसबॉलमध्ये त्याहून जुनी होती आणि तिच्यावर पहिला नेमका घाव घातला तो सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने, १९५६ मध्ये. निकाल अनिश्चित असेल तरच प्रेक्षक येतात, हे त्याला मान्य होतं. पण त्याचा युक्तिवाद असा, की खेळाडू बांधून ठेवल्याने तो कुठे खेळतो हे फारसं बदलत नाही. त्याच्या गुणांचा पैसा कुणाच्या खिशात जातो तेवढंच बदलतं. मोठ्या शहराला तो जास्त मोलाचा असेल तर छोटा संघ त्याला विकेलच, फक्त किंमत खेळाडूऐवजी मालक घेईल. १९६४ मध्ये वॉल्टर नील याने याच विचाराची दुसरी बाजू मांडली. हेवीवेट मुष्टियोद्धा जो लुईस याला कमाई करायची तर मॅक्स श्मेलिंगसारखा तगडा प्रतिस्पर्धी हवा; दुसरा दुकानदार बुडाला तर पहिल्याचा फायदा होतो, खेळात मात्र दोघंही बुडतात. कुस्तीचं मैदान भरवणाऱ्याला हे अर्थशास्त्र नवं नाही. जोड चांगली लागली नाही तर नुसत्या नामांकित पैलवानाला बघायला कोण येणार?

पुस्तकातला हा विचार पक्का होत असतानाच मैदानावर त्याची परीक्षा चालली होती. रॉटनबर्गचा लेख आला त्याच वर्षी बिल रसेल बॉस्टन सेल्टिक्समध्ये आला. ड्राफ्टमध्ये पहिली निवड रोचेस्टरची होती, दुसरी सेंट लुईसची. रोचेस्टरने दुसराच खेळाडू घेतला, सेंट लुईसने आपला हक्क दोन खेळाडूंच्या बदल्यात बॉस्टनला दिला. दुबळ्यांच्या रक्षणासाठी केलेला नियम दुबळ्यांच्याच चुकीपासून त्यांना वाचवू शकला नाही. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत बॉस्टनने अकरा विजेतेपदं जिंकली. १९५९ पासून तर सलग आठ. (याच सुमारास मुंबईचा संघ रणजी करंडक सलग पंधरा वेळा घरी नेत होता, त्याची खंत मुंबईत कुणाला होती असं दिसत नाही.) पण बॉस्टनचं स्टेडियम त्या सुवर्णकाळातही बऱ्याचदा भरत नसे. निकाल आधीच ठाऊक असल्याचा कंटाळा, की कृष्णवर्णीय खेळाडूंनी गाजवलेल्या संघाकडे बघण्याची त्या शहराची नजर? दोन्ही कारणं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की तुल्यबळतेच्या सिद्धान्ताला त्यातून नीट पुरावा मिळत नाही.

खरा धक्का पुढच्या दशकाने दिला. १९७० मध्ये खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन न्यायालयात गेला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूंच्या मोकळीकीची वाट उघडली. प्रतिस्पर्धी एबीए लीगचे चार संघही त्याच वर्षी एनबीएत आले. आणि १९७० ते १९७९ या दहा वर्षांत तब्बल आठ वेगवेगळे संघ विजेते झाले. पोर्टलँड, सिएटल, मिलवॉकी अशा शहरांनीही करंडक पाहिला. सिद्धान्ताप्रमाणे हा सुवर्णकाळ ठरायला हवा होता. प्रत्यक्षात लीगची लोकप्रियता इतकी खालावली की १६ मे १९८० रोजी अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात विशीतल्या मॅजिक जॉन्सनने ४२ गुण केले, तो सामना अमेरिकेतल्या बहुतेक घरांत थेट दिसलाच नाही. रात्री उशिरा त्याचं ध्वनिचित्रमुद्रण दाखवलं गेलं.

मग १९८० चं दशक आलं. दहापैकी आठ विजेतेपदं लेकर्स आणि सेल्टिक्स या दोघांनी वाटून घेतली आणि लीग भरभराटीला आली. १९९० च्या दशकात मायकल जॉर्डनच्या शिकागोने सहा जिंकली. त्यातली १९९८ ची अंतिम फेरी एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक पाहिली गेली. जेरी हाउसमन आणि ग्रेगरी लेनर्ड यांनी दाखवून दिलं, की एकट्या जॉर्डनमुळे इतर संघांचं उत्पन्न हंगामाला पाच कोटी डॉलरहून अधिक वाढत होतं. म्हणजे ज्यांना तो हरवत होता त्यांची तिजोरीही तोच भरत होता! लोकांना अनिश्चितता हवी असते हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की लोकांना बलाढ्य माणूस पाहायचा असतो, आणि तो पडेल का हेही पाहायचं असतं. त्यासाठी आधी तो बलाढ्य व्हावा लागतो.

बास्केटबॉलचा स्वभावच याला पोषक आहे. मैदानावर प्रत्येकी पाचच खेळाडू. ४८ मिनिटांच्या सामन्यात थोर खेळाडू चाळीसेक मिनिटं खेळू शकतो. दोन्ही संघांना शंभरेक वेळा चढाईची संधी मिळते, त्यामुळे फुटबॉलसारखा एका गोलने नशिबाचा खेळ होत नाही. वर प्ले-ऑफमध्ये सातपैकी चार सामने जिंकायचे. दुबळ्याला एखादा दिवस साधतो, चार दिवस साधत नाहीत. अर्थशास्त्रज्ञांनी याचं मोजमापही केलं. ८२ सामने नाणं उडवून ठरवले तर संघांचे विजय ४१ च्या आसपास, साधारण साडेचारच्या प्रमाण विचलनाने पसरतील. एनबीएतला खरा पसारा याच्या अडीच ते तीन पट असतो. २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीने ६८ सामने जिंकले, युटाने १७. डेव्हिड बेरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याचं एक मजेदार कारण सुचवलं: उंच माणसांचा तुटवडा. स्टीफन जे गूल्डने बेसबॉलबद्दल म्हटलं होतं, की गुणवंतांचा साठा वाढला की अव्वल आणि सामान्य यांतली दरी मिटत जाते. पण सात फूट उंच आणि वर चपळ माणसं जगात असून असून किती असणार? ज्याला असा एक सापडला तो वर्षानुवर्षं पुढे. करारातली कलमं उंची वाढवत नाहीत.

तरी कलमं वाढतच गेली, आणि प्रत्येक कलमाच्या पोटात पुढच्या पळवाटेची बीजं होती. निवडीचा पहिला हक्क कुणाचा, हे १९६६ पासून दोन गटांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणेफेकीने ठरे. ह्यूस्टनने १९८३ आणि १९८४ अशी दोन्ही वर्षं नाणेफेक जिंकून राल्फ सॅम्पसन आणि हकीम ओलाजुवन मिळवले. संघ मुद्दाम हरल्याची कुजबुज झाली. म्हणून १९८५ मध्ये लॉटरी आली, सात पाकिटं आणि सगळ्यांना समान संधी. पाकीट निघालं न्यूयॉर्कचं आणि पॅट्रिक युइंग देशातल्या सर्वांत मोठ्या शहरात गेला. पाकीट आधी थंड करून ठेवलं होतं ही अफवा आजही मेलेली नाही. मग तळाच्या संघाला जास्त संधी दिली, तर १९९३ मध्ये ६६ पैकी एकच संधी असलेला, निम्मे सामने जिंकलेला ऑर्लँडो भाग्यवान ठरला. पुन्हा बदल: तळाला २५ टक्के. आता हरण्याला भाव आला. फिलाडेल्फियाच्या सॅम हिंकी यांनी हे उघड धोरणच केलं. २०१५-१६ मध्ये संघ ८२ पैकी १० सामने जिंकला. ही एका अर्थी नुरा कुस्तीच, फक्त एकाच पैलवानाला ठाऊक असलेली. २०१९ पासून तळाच्या तिघांना प्रत्येकी १४ टक्के केले. दुबळ्याला मदत करावी तर लोक दुबळे होऊ लागतात, न करावी तर खरा दुबळा तळातच रुततो. शेतीच्या कर्जमाफीवर वाद घालणाऱ्याला हा पेच ओळखीचा वाटेल.

पगाराचीही हीच कथा. १९८४-८५ पासून प्रत्येक संघाला ३६ लाख डॉलरची मर्यादा आली, पण आपला जुना खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडायची मुभा ठेवली. १९९७ मध्ये केव्हिन गार्नेटला सहा वर्षांचे १२.६ कोटी मिळाल्यावर मालक हादरले, आणि हंगाम ५० सामन्यांवर आणणाऱ्या टाळेबंदीनंतर एकेका खेळाडूच्या पगारालाही छत बसलं. परिणाम उलटाच. सगळीकडे कमाल पगार जवळजवळ सारखाच मिळणार असेल, तर थोर खेळाडू पैशाऐवजी सोबती आणि शहर बघून संघ निवडणार. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश मायामीत ड्वेन वेडच्या सोबतीला गेले. २०१६ मध्ये प्रक्षेपणाच्या नव्या करारामुळे मर्यादा सात कोटींवरून एकदम ९.४ कोटींवर उडी मारून गेली. आधीच ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटला त्या जागेत केव्हिन ड्युरँट बसवता आला. भिडू आता स्वतःच ठरवत होते, वाघ कुठे आणि सिंह कुठे. वर्षानुवर्षं ज्यांना तुल्यबळतेच्या नावाने बांधून ठेवलं, त्यांनी तिचा मान का ठेवावा?

२०२३ च्या करारात मर्यादा वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढणार नाही असं ठरलं, आणि खर्चाची दुसरी, कडक रेघ आखली गेली. ती ओलांडली की खेळाडूंच्या अदलाबदलीतले अनेक मार्ग बंद होतात. २०२४ चा विजेता बॉस्टन वर्षभरातच आपले मोहरे विकायला बसला. २०१९ ते २०२५ अशी सात वर्षं सात वेगळे विजेते झाले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. पण याचं सगळं श्रेय मला कलमांना द्यावंसं वाटत नाही. याच सात हंगामांचे सर्वोत्तम खेळाडू पाहा: ग्रीसचा, सर्बियाचा, कॅमेरूनमध्ये जन्मलेला, कॅनडाचा, अमेरिकेत जन्मलेला एकही नाही. त्यातला निकोला योकिच तर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा. उंच माणसांचा तुटवडा वकिलांनी नव्हे, जगाने कमी केला. खाण रुंदावली की हिरे जास्त दारांत पोहोचतात.

आणि तरीही २०२५ चे आकडे सांगतात, त्या हंगामात ६८ विजयांचा संघ होता आणि १७ विजयांचाही. दरी तशीच, फक्त तिच्या वरच्या काठावर उभं राहणारे बदलत गेले. ऐंशी वर्षं ‘तुल्यबळ’ म्हणत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजत होतो, असं मला वाटतं. एका संध्याकाळी दोन संघ सारखे असणं ही एक. दहा वर्षांच्या हिशेबात प्रत्येक गावाचा दिवस येणं ही दुसरी. पहिली या खेळात कधीच नव्हती आणि प्रेक्षकांनी तिच्यासाठी हट्टही धरला नाही. बलाढ्य संघ त्यांना आवडतो. त्यांना सलते ती दुसरीची उणीव: आपला संघ हरतो याचं दुःख सोसवतं, पुढची दहा वर्षंही तो हरणारच हे कळलं की तिकीट काढवत नाही.

लपाछपीत ज्याच्यावर डाव येतो त्याच्यावर ‘राज्य’ आलं असं आपण म्हणतो. तिथे ते ओझं असतं, बास्केटबॉलमध्ये तो करंडक असतो. पण दोन्हीकडे नियम एकच आहे. एकाच पोरावर सारखं राज्य येऊ लागलं, की तो रडून घरी जातो आणि डाव मोडतो. एकाच शहराकडे राज्य राहिलं, की बाकीची शहरं घरी जातात. सगळे सारख्याच वेगाने धावत नाहीत म्हणून लपाछपी थांबल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही.