‘पाप माझे नव्हे’ म्हणणारा धर्म



जगाची विभागणी शुद्ध चांगले आणि निखळ वाईट अशा दोनच भागांत करणाऱ्या दृष्टीला ‘मॅनिकियन’ म्हणतात. हा शब्द मानी या धर्मसंस्थापकाच्या नावावरून आला. त्याचा जन्म इ. स. २१६ मध्ये बाबेलच्या प्रदेशात झाला. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी, परस्परविरोधी तत्त्वे आहेत. त्यांच्या संघर्षात प्रकाशाचे कण जडद्रव्यात अडकले. देह हा त्यांचा तुरुंग होय, अशी त्याची शिकवण होती. हाच धार्मिक द्वैतवाद.

संत ऑगस्टीन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे या पंथाचा ‘श्रोता’ होता. त्याला तेथे कशाने धरून ठेवले? पुढे त्याने स्वतःच कबूल केले की, पाप आपण करीत नसून आपल्यातील कोणी दुसराच करतो, हा विचार त्याच्या गर्वाला सुखावत असे. इ. स. ३८३ च्या सुमारास पंथाचा नामांकित आचार्य फाउस्तुस त्याला भेटला. वक्तृत्व मिळाले, उत्तरे मिळाली नाहीत. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला. तोवर त्याला उमगले होते की, वाईट हे स्वतंत्र द्रव्य नाही. आरोग्याचा अभाव जसा रोग, तसा चांगुलपणाचा अभाव म्हणजे वाईट.

पवित्र शास्त्रही प्रकाश आणि अंधार यांविषयी बोलते, हे खरे. परंतु तेथे अंधार देवाच्या तोडीचा नाही. सैतान हा दुसरा देव नव्हे. तो पतित झालेला एक निर्मित जीव आहे. देवाने निर्मिलेले सर्व चांगले होते. शब्द देही झाला. आणि आपली आशा देहापासून सुटका ही नसून देहाचे पुनरुत्थान ही आहे.

मग मानी आपल्या घरातून गेला आहे काय? रागाच्या भरात घरच्यांना दुखवून आपण म्हणतो, “सैतानाने माझी बुद्धी फिरवली.” मंडळीत वाद झाला की आपला गट प्रकाशाचा ठरतो आणि समोरचा अंधाराचा. उधळ्या पुत्राने मात्र दुष्काळाला दोष दिला नाही, सोबत्यांनाही नाही. आपणच पाप केले, असे तो बापाला म्हणाला.

प्रियहो, क्षमा तेथेच भेटते. ज्याचे पाप दुसऱ्या कोणाचे आहे, तो क्षमा कशाची मागणार? आज प्रार्थनेला गुडघे टेकाल, तेव्हा ‘मी’ हा शब्द गाळू नका.