आधीं घर कीं आधीं सुधारणा?

अमेरिकेंतील लेखक टी. जे. क्लून यांची 'द हाउस इन द सेरुलियन सी' ही कादंबरी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तिची कथा अद्भुत असली तरी तिच्यांतील प्रश्न आपल्या मंडळ्यांच्या अगदीं जवळचा आहे, म्हणून तो वाचकांपुढें ठेवितों.

लायनस बेकर हा एक सरकारी तपासनीस. चमत्कारिक शक्ति असलेल्या मुलांच्या अनाथगृहांची पाहणी करून अहवाल लिहिणें हें त्याचें काम. त्यास एका दूरच्या बेटावर महिनाभर पाठविण्यांत येतें. तेथें सहा मुलें आहेत. त्यांतील लूसी हा सहा वर्षांचा मुलगा प्रत्यक्ष सैतानाचा पुत्र होय, असें कागदांत नमूद आहे! परंतु बेकरास तेथें दिसतो तो गाण्यांच्या तबकड्यांचा शौकीन, भयंकर गोष्टी बोलून मोठ्यांस भिववूं पाहणारा आणि स्वतः वाईट स्वप्नांनीं पछाडलेला एक लहान मुलगा. अनाथगृहाचे चालक आर्थर पार्नासस त्याचा जन्म नाकारीत नाहींत. परंतु त्यास आपलें लेंकरूं मानून वाढवितात. शेवटीं बेकर हें घर मोडूं नये असा अहवाल देतो, आणि नोकरी सोडून त्याच घरीं परत येतो.

येथें कोणी म्हणेल, वाइटास असें जवळ केल्यानें वाईट वाढणार नाहीं काय? हा आक्षेप हलका नव्हे. स्वीकार म्हणजे पापाकडे डोळेझांक नव्हेच. परंतु क्रम पाहा. यरीहो नगरांत प्रभूनें जक्कयाच्या घरीं उतरण्याचें ठरविलें, तेव्हां जक्कयानें लबाडीची एक पैही परत केली नव्हती. प्रभु आधीं घरीं आला. पश्चात्ताप त्याच्या मागून आला.

पुढील गोष्ट लिहितांना आम्हांस लाज वाटते. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलास वसतिगृहांत घ्यावें कीं नाहीं, अशी विचारणा आमच्याकडे आली. आम्हीं त्याच्या बापाच्या चोरीविषयीं चार ओळी लिहिल्या. मुलाविषयीं एकही नाहीं, कारण त्याच्याशीं आम्ही कधीं बोललोंच नव्हतों. मुलास जागा मिळाली नाहीं. बेकरानें निदान महिनाभर त्या मुलांत राहून मग लेखणी उचलली. आम्हीं त्याच गांवांत राहून त्या दारीं जाण्याचे श्रमही घेतले नाहींत.

प्रिय वाचकहो, शास्त्र आपणां सर्वांस देवानें दत्तक घेतलेलीं लेंकरें म्हणतें. जो स्वतः दत्तक आहे, त्यानें दुसऱ्याचें कुळ विचारणें शोभत नाहीं. आपल्या गांवींही असें एखादें मूल असेल. तें सुधारून उपासनामंदिरांत येईल म्हणून वाट पाहूं नका. या आठवड्यांत त्याच्या घरीं जा, त्याच्याशीं बोला, आणि रविवारीं त्यास आपल्या शेजारीं बसवा.