राखणदाराच्या वहाणा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

हे निरूपण घरात मोठ्याने वाचावे, मुलांनाही जवळ बसवावे.

आपल्या पेडण्यात गावागावाला राखणदार आहे. रात्री तो सीमेवरून फिरतो, म्हणून आपण त्याला रोट देतो, कांबळे देतो, काठी देतो, आणि वहाणा देतो. वहाणा झिजल्या की नव्या. ‘गेल्या खेपेला दिल्या होत्या, आता कशाला?’ असे कोणी म्हणते का?

आता दुसरा राखणदार बघा. पणजीला आल्तिनोवर हवामान खाते बसले आहे, ढगांवर रडारची नजर ठेवून. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटा किती उठतील, मासळी कुठल्या पाण्यात असेल, हे कळवते. शापोऱ्यातून होडी बाहेर काढण्याआधी मोबाईलवर जो इशारा वाचता, तो या माणसांच्या जागरणातून आलेला असतो. त्यांच्याही वहाणा झिजतात. खाऱ्या वाऱ्याने यंत्र गंजते, समुद्रात तरंगते ठेवलेले उपकरण बिघडते, माणूस निवृत्त होतो आणि जागा रिकामीच राहते.

कोणी विचारील, सद्गुरू पाठीशी असताना रडार कशाला? अहो, गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतच सांगतात की अन्नाने जीव जगतात, अन्न पावसाने होते, पाऊस यज्ञाने, आणि यज्ञ कर्मातून होतो. साखळी कर्मापाशी येते, हातावर हात ठेवण्यापाशी नाही. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात राजाच्या कोठारात पाऊस मोजायचे कुंड ठेवायला सांगितले. कुठल्या प्रांतात किती पाऊस, हेही लिहून ठेवले, आणि आपल्या अपरान्ताला, म्हणजे कोकणपट्टीला, म्हटले ‘अमित’! मोजता येत नाही इतका. (जुलै महिन्यात आपणही तेच म्हणतो.) पण मोजायचे काम राजाचे, खर्च राजकोशातून, हे तेव्हाही ठरलेले होते.

अंदाज चुकतात, हे खरे. खाते पाऊस सांगते आणि आपण मिरच्या आत घेऊन बसतो, बाहेर कडक ऊन. पण ओडिशाकडे बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ ला तसेच भयंकर फायलिन आले, तेव्हा अंदाज आधी मिळाला, दहा लाखांच्या आसपास लोक वेळेत हलवले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. तेवढी घरे उजाड व्हायची राहिली. याला कृपा म्हणायचे नाही तर काय? आणि २०१७ च्या ओखीत केरळ-तमिळनाडूचे जे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते, त्यांच्यापर्यंत इशारा पोचलाच नाही. कित्येक परतले नाहीत. त्याच ओखीच्या लाटा आपल्या मोरजी-हरमलच्या शॅकांत शिरल्या होत्या, आठवते ना? मग २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले, आणि त्याच जुलैत तो पूर.

२०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने ‘मिशन मौसम’ला दोन हजार कोटी मंजूर केले, चांगले झाले. पण ते दोन वर्षांसाठी, म्हणजे दोन वर्षांच्याच वहाणा. दर अर्थसंकल्पाला हे पैसे मागणारा आवाज हवा. पुलासाठी, रस्त्यासाठी मागणारे खूप. लाटा मोजणाऱ्या यंत्रासाठी मोर्चा निघालेला ऐकला आहे कधी? देवळात गाऱ्हाणे घालतोच, एक गाऱ्हाणे दिल्लीलाही घालूया. हीसुद्धा सेवाच.

तर प्रत्येक कुटुंबाने खासदारांना एक पत्र लिहावे: हवामान आणि समुद्र विज्ञानाचा निधी कमी करू नका, रिकाम्या जागा भरा, इशारा कोकणी-मराठीत होडीवाल्यापर्यंत पोचवा. येत्या ग्रामसभेत कोणीतरी उठून हेच मांडावे. होडीवर जाणाऱ्यांनी आपला अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहावा, तो जास्त लागतो. लिहायला अडचण असेल त्यांनी गुरुवारी आरतीनंतर थांबावे. कागद-पेन असेल, मुले लिहून देतील.