अजगर गुरू आणि बिझनेस क्लास

भागवताच्या ११व्या स्कंधात अवधूताचे २४ गुरू येतात. त्यांतला अजगर न मागता मिळेल ते खातो. गोड असो की बेचव, थोडं असो की फार. काही आलं नाही, तर उपाशी पडून राहतो.

जळगावहून मुंबईचं विमान छोटं, एकाच वर्गाचं; शेठ काय नि मास्तर काय, खुर्ची सारखीच. पुढचं तिकीट मुलाने बिझनेस क्लासचं काढलेलं, म्हणून लाउंजमध्ये मऊ सोफा, हवं ते जेवण. न मागता आलेलं नाकारणं हाही अहंकारच, भक्तहो. टेंबे स्वामी महाराज भारतभर पायी फिरले. ते आपल्याला झेपणारं नाही.

माझी शंका सोफ्याची नाही, दाराची आहे. ते मागे लागलं, की बाहेर पिशव्या सांभाळत ताटकळणारी माणसं दिसेनाशी होतात, आणि मनाला बरं वाटतं. अजगराला दार नसतं.

परतीचं तिकीट साधं काढ, म्हटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आणि गुडघे?" गुडघे दुखतात, हे खरंच.